पकडापकडी

आमच्या लग्नाला आलेल्या साडेतीनशे माणसांनी आमचं लग्न पाहिलेलं नाही. त्यांनी कॅमेरामनची पाठ पाहिली. मे १९९३, डोंबिवली, दुपारी बारा बावीसचा मुहूर्त, मंगल कार्यालयात फिरणारे पंखे मोजून चार, आणि आमच्यापासून तीन फुटांवर खांद्यावर भलाथोरला व्हीएचएस कॅमेरा घेतलेला एक धिप्पाड गृहस्थ. त्याच्या मागे स्टुलावर चढून हॅलोजनचा फोकस धरणारा पोरगा. अंतरपाट बाजूला झाला तेव्हा मला नवरी दिसलीच नाही, हजार वॅटचा दिवा दिसला. हार मी अंदाजाने घातला. ते लग्न नीट पाहिलं असेल तर एकट्या त्या कॅमेऱ्याने. जे पाहिलं ते त्याने ई-१८० जातीच्या तीन तासांच्या कॅसेटवर उतरवलं, वर सोनेरी अक्षरांत ‘शुभविवाह’ चिकटवलं आणि पंधरा दिवसांनी आमच्या हवाली केलं.

ती कॅसेट तीस वर्षं कपाटात पैठणीच्या खाली होती. पैठणी दर दसऱ्याला हवा खायला बाहेर निघते. कॅसेटलाही हवा लागते, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मग एक दिवस बंगळूरहून मुलीचा फोन आला. “बाबा, तुमच्या लग्नाची कॅसेट मला मोबाइलवर हवीय. काही अवघड नाही. एक कॅप्चर कार्ड आणलं की झालं.”

ज्या वाक्याच्या शेवटी ‘की झालं’ येतं, त्यात किमान चार महिने आणि सहा हजार रुपये दडलेले असतात, हे मी घराच्या रंगकामात शिकलो होतो. पण शिकलेलं ऐन वेळी आठवत नाही, म्हणून तर मी बँकेत हेडक्लार्क म्हणूनच निवृत्त झालो.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “आता हे कुठलं कार्ड? रेशन झालं, पॅन झालं, आधार झालं. याला फोटो लागतो का?”

“अगं, ते काढायचं नसतं, विकत घ्यायचं असतं.”

“त्यापेक्षा स्टेशनजवळच्या स्टुडिओत द्या. ते करून देतात.”

हा सल्ला अत्यंत शहाणपणाचा होता आणि त्यामुळेच मला तो मानवला नाही. दुकानात दिली आणि हरवली तर? पुन्हा लग्न लावायचं का, असं मी विचारलं. त्यावर तिने “कुणाशी?” असं विचारलं आणि चर्चा संपली.

कॅप्चर कार्ड म्हणजे काय, हे मी पहिल्या आठवड्यात समजून घेतलं. कॅसेटवरचं चित्र लहरींत असतं, कॉम्प्युटरला फक्त आकडे कळतात. दोघांची बोलणी करून देणारा जो मध्यस्थ, तो म्हणजे हे कार्ड. आता मध्यस्थ कसा असतो हे आपल्याला ठाऊक आहे. दोन्हीकडे चांगलं सांगतो, आणि मधे काय गाळलं ते लग्न झाल्यावर कळतं.

बातमी सोसायटीत पसरली. पहिले आले शेजारचे काका. ते दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे तारेचा विषय निघाला की त्यांना आमंत्रण लागत नाही. येतानाच त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी आणलं होतं. उघडलं तर हिरवी पट्टी, तिच्यावर पत्र्याची एक डबी, धुळीने माखलेली.

“टीव्ही ट्यूनर कार्ड. आत ब्रुकट्रीची बीटी ८७८ चिप आहे. एके काळी निम्म्या जगाची कार्डं याच चिपवर चालायची. २००३ च्या वर्ल्ड कपला घेतलं होतं. फायनल आपण याच्यावरच हरलो.”

कार्ड चांगलं होतं, फुकट होतं, आणि देणाऱ्याला ते माळ्यावरून कायमचं घालवायचं होतं. तिन्ही गुण एकत्र असलेली वस्तू निवडायला कसलाच विचार करावा लागत नाही. आम्ही कॉम्प्युटर उघडला. या कार्डाला पीसीआय नावाची लांबट पांढरी खाच लागते. आमच्या कॉम्प्युटरमध्ये खाचा होत्या, पण त्या पुढच्या पिढीच्या, पीसीआय एक्स्प्रेस. नावात निम्मं साम्य, बसण्यात शून्य. काका बराच वेळ कार्ड त्या खाचेवर धरून उभे होते. मग म्हणाले, “माझ्याकडे कानस आहे.”

मी नको म्हणालो. ते अजून थोडे नाराज आहेत.

मग भाचा आला. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणजे कॉम्प्युटर उघडल्यावर आत काय असतं हे त्याने पाहिलेलं नाही, पण मत असतं. “मामा, तुमच्याकडे जुना मिनी डीव्ही हँडीकॅम असता ना, तर त्याच्यातून आत घालून फायरवायरने बाहेर काढलं असतं. एकदम प्युअर.” हँडीकॅम आमच्याकडे नव्हता, फायरवायरची जागा कॉम्प्युटरला नव्हती. पण त्याचं म्हणणं बरोबर होतं, असं मला नंतर कळलं. काही सल्ले असेच असतात, वीस वर्षं उशिरा येतात आणि शंभर टक्के बरोबर असतात.

पहिलं कार्ड मी ऑनलाइन मागवलं. साडेचारशे रुपये. कार्ड म्हणायचं, पण दिसायला अंगठ्याएवढी काळी डबी. एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला चार शेपट्या. पिवळी चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाची, आणि चौथी काळी, गोल, एस-व्हिडिओची. या डबीचं वैशिष्ट्य असं, की बाहेरून सगळ्या सारख्या आणि आत कुठली चिप निघेल ते नशीब. एकाच रंगाच्या खोक्यांत तीन-चार वेगवेगळ्या चिपा येतात आणि प्रत्येकीचं ड्रायव्हर वेगळं. बँकेत अशा एकसारख्या दिसणाऱ्या गोष्टींना आम्ही संशयास्पद व्यवहार म्हणायचो.

ड्रायव्हर खोक्यातच होतं. एका सीडीवर. छोटी, आठ सेंटिमीटरची, बशीत ठेवलेल्या अनारशाएवढी. मी ती हातात धरून कॉम्प्युटरच्या चारी बाजूंनी फिरलो. कॉम्प्युटरला सीडी घालायची जागाच नव्हती. म्हणजे भूतकाळाला वर्तमानात आणायचं यंत्र चालू करायला आधी भूतकाळातलंच दुसरं यंत्र हवं. काकांकडे सीडी ड्राइव्ह होता. अर्थातच होता. कानशीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, पण ड्राइव्ह देताना ते हसले.

ड्रायव्हर बसलं. पिवळी शेपटी पिवळ्या भोकात घालायची वेळ आली आणि मी ती हातात धरून हॉलभर पाहिलं. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, “काय शोधताय?”

व्हीसीआर शोधत होतो. दीड महिना मी कार्ड निवडत होतो. यूएसबी दोन की तीन, आत चिप कुठली, काळी शेपटी हवी की नको, याच्यावर एक वही भरली होती. पण ज्याच्यातून चित्र बाहेर यायचं तो व्हीसीआर आम्ही २००८ साली भंगारवाल्याला दीडशे रुपयांना दिला होता, ही गोष्ट त्या वहीत कुठेही नव्हती. त्या दीडशे रुपयांत थोडी भर घालून आणलेली परात मात्र शाबूत आहे. आजही तिच्यात कणीक मळली जाते.

नवा व्हीसीआर मिळत नाही. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैत शेवटचे व्हीसीआर बनवले आणि दुकान आवरलं. राहिले ते लोकांच्या माळ्यांवर. आमच्या नात्यात असा माळा एकच, बदलापूरच्या मेहुण्याचा. हा मेहुणा काहीच टाकत नाही. त्याच्याकडे १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी घेतलेल्या रंगीत टीव्हीचं खोकं आहे. टीव्ही गेला, खोकं आहे. व्हीसीआर होता, रेक्झिनच्या कव्हरसकट.

“भावोजी, देतो. पण एक महिन्यात परत हवा. आणि आडवा न्यायचा, उभा नाही.”

मी तो बदलापूर लोकलमध्ये दुपारच्या वेळी मांडीवर आडवा आणला. पहिल्यांदाच चौथ्या सीटवर बसलेल्या मला कुणी ‘सरका’ म्हणालं नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी कव्हरावरून हात फिरवला आणि विचारलं, “पिक्चर लावणार का?”

घरी आल्यावर कॅसेट पाहिली. खिडकीसारख्या पारदर्शक भागातून आत टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसत होती. तीस पावसाळ्यांची बुरशी. ही तशीच आत घातली तर ती व्हीसीआरच्या हेडवर जाऊन बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. मेहुण्याला फोन केला तर त्याने जुना उपाय सांगितला. कोरी करकरीत नोट घ्यायची आणि फिरत्या हेडला हलकेच टेकवायची. हा उपाय त्या काळी सगळ्या चाळीला ठाऊक होता. पण मी बँकेतला माणूस. मी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शॅमॉय चामड्याचा तुकडा आणला, तीन संध्याकाळी टेप पुढे-मागे गुंडाळत पुसली, आणि मग कॅसेट आत लोटली. तो आवाज तीस वर्षांनी ऐकला. आधी खटक, मग घरघर, मग आत काहीतरी मोठं, गोल, फिरायला लागल्याची चाहूल. काही आवाज पोटात कुठेतरी ठेवलेले असतात.

पडद्यावर आमचं लग्न आलं. कृष्णधवल, आणि वरून खाली सतत घसरणारं. मी हार घालत होतो आणि हार खाली जाऊन माझ्या डोक्यावरून पुन्हा येत होता. सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “जुनं आहे ना, तेव्हा असंच असायचं.” त्यांच्या मते १९९३ साली रंग नव्हते.

रंग होते. डबीला ते कळत नव्हते, कारण तिला अमेरिकेतली पद्धत शिकवून पाठवली होती. अमेरिकेत आणि जपानात चित्र ५२५ ओळींचं आणि सेकंदाला तीस चित्रं, तिला एनटीएससी म्हणतात. आपल्याकडे पाल, ६२५ ओळी आणि सेकंदाला पंचवीस चित्रं. त्या ६२५ पैकी ५७६ ओळींत चित्र असतं. बाकीच्या पडद्याच्या वर, न दिसणाऱ्या जागेत जातात. लग्नात जशी काही माणसं फक्त धावपळ करतात आणि एकाही फोटोत सापडत नाहीत, तशा. सेटिंगमध्ये जाऊन पाल निवडलं आणि सासूबाईंच्या डोळ्यांदेखत शालू हिरवा झाला. त्यांना तो चमत्कार वाटला आणि मी तो दुरुस्त केला नाही.

मग अक्षता पडायला लागल्या तसं लक्षात आलं की प्रत्येक अक्षतेला कंगव्यासारखे दात आहेत. हेही समजून घ्यावं लागलं. जुन्या टीव्हीचं चित्र एका दमात येत नाही. पंगतीत वाढपी घाईत असला की जाताना एकाआड एक पानाला भात वाढत जातो आणि येताना उरलेल्यांना, तसं. आधी एक, तीन, पाच या ओळी, मग दोन, चार, सहा. माणूस स्थिर असेल तर कळत नाही. हलला की त्याची अर्धी पानं मघाची आणि अर्धी आत्ताची. स्थिर तर त्या लग्नात फक्त मीच होतो.

हा दोष प्रोग्रॅममध्ये एक खूण केली की जातो. तो गेला. मी समाधानाने रेकॉर्डचं बटण दाबलं आणि चार मिनिटांनी पडदा निळा झाला. त्यावर इंग्रजीत आलं की ही चित्रफीत स्वामित्वहक्काने संरक्षित आहे, नक्कल करता येणार नाही.

मी ते तीनदा वाचलं. मग बायकोला बोलावून वाचायला लावलं. माझं लग्न, माझा खर्च (निम्मा), माझी कॅसेट, आणि तिची नक्कल करायची मला परवानगी नाही. “बरोबर आहे,” ती म्हणाली, “मला विचारलंय कुठे?”

खरी गंमत अशी, की व्हिडिओ लायब्ररीच्या जमान्यात सिनेमांच्या कॅसेटींवर मॅक्रोव्हिजन नावाचं कुलूप असायचं. त्या न दिसणाऱ्या ओळींतच मुद्दाम चुकीचे झटके भरायचे, की नक्कल करणारं यंत्र गांगरून चित्र कधी पांढरंफटक, कधी काळं करतं. कार्डांना हे झटके ओळखून काम थांबवायला शिकवलेलं असतं. आता जुनी, ताणलेली, पावसाळे खाल्लेली टेपही असेच झटके देते. झटका हेतूने दिलाय की म्हातारपणाने आलाय, हे डबीला कळत नाही. रेल्वेत २०२० पर्यंत ज्येष्ठांना सवलत होती, तेव्हा टीसीलाही सवलतीच्या तिकिटावर प्रवास करणाऱ्या माणसाबद्दल बरेचदा हीच शंका असायची.

दुसरं कार्ड भाच्याने सांगितलेलं. “मामा, ते जुनं सोडा. एचडीएमआयवालं घ्या, फोर-के.” खोक्यावर खरोखरच फोर-के लिहिलं होतं. ते आत येणाऱ्या चित्राबद्दल होतं, बाहेर पडतं ते १०८०, हे बारीक अक्षरांत. पण बारीक अक्षरांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही, मी अडतीस वर्षं लोकांकडून त्यांच्याखाली सह्या घेतल्या. आता हिशोब बघा. असं एक चित्र कच्चं, न दाबता पाठवायचं तर सेकंदाला तीस चित्रांचे सुमारे हजार मेगाबिट होतात. यूएसबी दोनच्या वाटेने जातात ४८०, तेही कागदावर. मग ही डबी काय करते? सकाळची डोंबिवली फास्ट जे करते तेच. आत सगळे मावतात. प्रत्येकजण पोहोचतो. फक्त दादरला उतरणारा माणूस घरून निघालेल्या माणसासारखा दिसत नाही.

आणि व्हीसीआरला एचडीएमआय नव्हतंच. तेव्हा पिवळी वायर घेऊन एचडीएमआय देणारी आणखी एक डबी आणली. तिने चित्र दिलं, स्वच्छ, न थांबता, कुलपाची तक्रार न करता. मी जिंकलो होतो. मागून आवाज आला, “ही कोण?”

पडद्यावर नवरी होती. जुनं चित्र चारास तीन असतं, नवा पडदा सोळास नऊ. डबीने प्रामाणिकपणे सगळा पडदा भरला होता, म्हणजे प्रत्येक माणूस बरोबर एक तृतीयांश रुंद केला होता. गुरुजी शोभले. माझे चुलते मुळातच तसे. पण पंचेचाळीस किलोची नवरी साठ किलोची झाली होती.

“हे असं पाठवणार तुम्ही पोरीला?”

ते कार्ड त्याच संध्याकाळी खोक्यात गेलं. ते रुंदपण सेटिंगमधून घालवता येतं, हे मला नंतर समजलं, पण काही प्रसंगांत तांत्रिक खुलासा करू नये.

अखेर मी लॅमिंग्टन रोडला गेलो. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि बाहेर आल्यावर पाच मिनिटांत त्या रस्त्यावर, ज्याला पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग म्हणतात आणि तोंडाने कुणीच नाही. पहिल्या तीन दुकानांत एकच प्रश्न आला, “काका, गेमिंग के लिये?” चौथ्यात मी वैतागून “शादी के लिये” म्हणालो. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं आणि जिन्याकडे बोट दाखवलं.

वर पोटमाळ्यावर एक वयस्क कारागीर सोल्डरिंग करत बसला होता. मराठीच निघाला. त्याला मी माझी वही दाखवली. चिपा, शेपट्या, मेगाबिट, किमती, सगळं. त्याने चष्मा वर करून दोन पानं वाचली, वही मिटली आणि म्हणाला, “साहेब, तुम्ही गाळणी निवडताय. चहा कुणी केलाय ते बघा.”

मग त्याने जे सांगितलं ते साडेतीन महिन्यांत मला कुणीच सांगितलं नव्हतं. साध्या व्हीएचएसमध्ये आडवे बारकावे मोजले तर चित्र २४० रेघांच्या आसपास असतं. कार्ड कितीही महाग आणा, २४१ वी रेघ ते कुठून आणणार? एस-व्हिडिओची काळी शेपटी आहे म्हणून जास्त पैसे देऊ नका, साध्या व्हीसीआरला ते भोकच नसतं. बिघडतं ते आधी. टेप जुनी झाली की ताणते, मग ओळी थोड्या आधी-नंतर पोहोचतात, दारंखिडक्या सापासारख्या वळवळतात आणि कार्ड गोंधळतं. ओळींना रांगेत उभं करणारं यंत्र असतं, टाइम बेस करेक्टर, पण ते तुमच्या व्हीसीआरपेक्षा, कॉम्प्युटरपेक्षा आणि तुमच्यापेक्षा महाग. “तेव्हा व्हीसीआर ठणठणीत हवा. त्याची पट्टी बदललीय का? रबर रोलर पाहिलाय?”

“तुम्ही कराल?”

“सोडलं मी. पार्ट नाहीत.”

त्याने खणातून एक कार्ड काढलं, न बोलणाऱ्या रंगाच्या खोक्यातलं, अठराशे रुपयांचं. “हे चित्र पकडतं. बाकी काही करत नाही.” खोक्यावर हसणारं कुटुंब नव्हतं, फोर-के नव्हतं, काहीच नव्हतं. कार्ड निवडायचा एखादा नियम मला विचाराल तर तो एवढाच सांगेन, खोक्यावर कुणी हसत असेल तर घेऊ नका.

आणि खरंच, ते लागलं आणि चाललं. मी हट्टाने न दाबता साठवायचं ठरवलं. तासाला ७५ जीबी. मुलगी म्हणाली, “बाबा, व्हॉट्सअ‍ॅपवर टाका ना.” मी फोन ठेवला.

एक गोष्ट मात्र कुणाच्या हातात नाही. तीन तासांची कॅसेट तीन तासच घेते. पळवून उतरवता येत नाही. तेव्हा रविवारी दुपारी जेवणं आटोपून आम्ही सगळे त्या कॉम्प्युटरसमोर बसलो. मी, ही, सासूबाई, काका, आणि आपला व्हीसीआर नीट हाताळला जातोय ना ते बघायला खास बदलापूरहून आलेला मेहुणा. सुरुवातीला गुलाबाच्या फुलातून मी उमललो. मग माझ्या कपाळातून ती उमलली. मग दोघं गोल फिरत एका धबधब्यात पडलो. त्या काळी मिक्सिंगचे पैसे वेगळे पडत, आणि घेतलेल्या प्रत्येक रुपयाचं काम त्या माणसाने केलं होतं.

पंगत आली. गुरुजींचा होम आणि पाहुण्यांची पंगत एकाच वेळी चालू, कॅमेरामन एकटा, म्हणून तो धावत दोन्हीकडे जातोय. फोकस ज्या पानावर येईल तो माणूस चघळायचं थांबतो, तोंडातला घास गालात ठेवून समोर बघतो आणि उजेड पुढे गेला की पुन्हा चघळायला लागतो. पूर्ण ओळीत तसंच. तेराव्या पानावर माझी आत्या. तिला जिलबी वाढायला आलेल्याला ती पानावर हात आडवा धरून नको नको म्हणतेय, आणि हाताची बोटं किंचित उघडी, की एखादी मधून पडलीच तर पडू दे. ती पडतेही. आत्या जाऊन अकरा वर्षं झाली. कुणी काही बोललं नाही. काकांनी रिमोट हातात घेऊन मागे न्यायला पाहिलं, मेहुणा ओरडला, “रिवाइंड नको, ताण पडतो!”

आणि मग कॅमेरा धावत होमाकडे आला. कानपिळीची वेळ. नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो आणि मान घेतल्याशिवाय सोडत नाही, ती. पडद्यावर बावीस वर्षांचा मेहुणा हसत पुढे आला, त्याने माझा उजवा कान धरला, पिळला, मी तोंड वाकडं केलं, आणि व्हीसीआरमधून पापड मोडल्यासारखा आवाज आला. चित्र गेलं. दार उघडलं तर कॅसेट बाहेर येईना. पट्टी तुटली होती, टेप रोलरभोवती गुंडाळली होती. कारागिराने विचारलेले दोन्ही प्रश्न मला त्या क्षणी शब्दशः आठवले.

आमच्याकडे आता १ तास ४७ मिनिटांची, १३३ जीबीची फाइल आहे. तिच्या शेवटच्या चित्रात मेहुण्याने माझा कान धरलेला आहे, आणि पँटपीस तबकात कडेला दिसतोय, पण तो अजून कुणी दिलेला नाही. मेहुण्याचा रोज रात्री साडेआठला फोन येतो. एक महिना होऊन गेला आहे, भावोजी.

तरी कुणाच्या माळ्यावर पालचा चालू व्हीसीआर असेल, पट्टी आणि रोलर पाहिलेला, तर कृपया कळवावं. बदल्यात तीन कॅप्चर कार्डांपैकी हवं ते मिळेल, वर आठ सेंटिमीटरची सीडी. न्यायला मी स्वतः येईन आणि आडवाच आणीन.